बोरखडीचं पाणी

गालिच्यावर शेणसडा घालता येत नाही, हे शेवंताकाकूला पटवण्यात सकाळचा एक तास गेला.

"दारात सडा न्हाय, आन् म्हनं नमुन्याचं घर! सुतकी दिसतंय नुसतं."

"काकू, घर प्लायवूडचं आहे," गुणवंतसाहेब म्हणाले. "संध्याकाळी पाचला मोडायचंय."

"मग पाच वाजस्तवर तर नांदतं दिसू द्या की!"

साहेब मराठी. नोकरी केंद्र सरकारात, राहायला इथंच, दिल्लीतल्या द्वारकेत. ग्रामविकासाचं हे प्रदर्शन त्यांच्याच गळ्यात होतं. एसी हॉलमध्येही त्यांना घाम सुटला.

शंकरतात्या आमच्या बोरखडीचे सरपंच, माझे चुलते. काकू त्यांची बायको. मी प्रतीक, दिल्लीत कलेक्टर व्हायला आलोय. चौथ्यांदा.

दोन वर्षांपूर्वी बोरखडीत घरटी एक नळ बसला. नळ झकास, चकचकीत. फक्त धरणापासून गावापर्यंतचा पाइप टाकायचा राहिला. पण योजनेच्या कागदावर पाइप मोजत नाहीत, नळ मोजतात. त्यामुळं गाव शंभर टक्के पाणीदार झालं. पाणीदार गावाला टँकर कशाला? टँकर बंद झाला. बाया दोन कोसांवरच्या विहिरीवर जायला लागल्या. गेल्या वैशाखात हेमलतावहिनी, म्हणजे तात्यांची सून, सातव्या महिन्यात दोन हंडे घेऊन विहिरीच्या पायरीवर घसरली. वहिनी वाचली.

टँकर परत मिळावा म्हणून तात्यांनी सात अर्ज केले. प्रत्येक अर्ज वरपर्यंत जायचा आणि चौकशीला त्याच इंजिनियरकडं यायचा, ज्यानं नळ बसवले होते. तो लिहायचा, 'नळ आहेत.' माणूस खोटं बोलत नव्हता.

मग कॉम्प्युटरनं देशातली नमुन्याची गावं निवडली. त्यात बोरखडी निघाली. सरपंचांनी जोडीनं दिल्लीला यावं, नमुन्याच्या घरात बसावं, मंत्री भेट देतील. तात्या आठवा अर्ज टाकून गाडीत बसले.

"नाटकात बसू की," ते म्हणाले. "पन मंत्र्याच्या तोंडावर सांगू. तोंडाला काय चौकशीला माघारी धाडत्यात व्हय?"

आदल्या दिवशी माझ्या राजेंद्रनगरच्या खोलीत तालीम झाली. मंत्री मी झालो. चार प्रयत्नांत मिळालेलं हे माझं पहिलं पद. तात्यांनी बाहत्तरच्या दुष्काळापासून सुरुवात केली.

"तात्या, मंत्री सव्वा मिनिट थांबणार."

"सव्वा मिंटात तर म्हस बी उठत न्हाय, लेका."

छाटत छाटत आम्ही दोन वाक्यांवर आलो. 'साब, नल सूखा है. टँकर चालू करो.' तात्या रात्रभर झोपेत तेच पुटपुटत होते.

प्लायवूडच्या घरालाही नळ होता, आणि त्याला पाणी होतं. मागं टाकी लपवलेली. काकूनं नळ सोडला, धार बघत राहिली आणि पटकन बंद केला. मग शोभेचे हंडे भरले, कळशी भरली, प्लास्टिकची फुलं काढून फुलदाणीही भरली.

"काकू, ते डेकोरेशन आहे!"

"आसंल. पन आलंय तवर भरून ठिवावं. त्येचा काय भरवसा?"

बारा वाजता मंत्री आले. बाहेर मेची लू, अंग भाजणारा वारा, चालू होती. गाडीतून हॉलपर्यंत येण्यातच त्यांचा चेहरा लाल झाला होता. म्हातारा माणूस. त्यांनी आमच्या प्लायवूडच्या उंबऱ्यापाशी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. फोटोवाले पुढं सरसावले.

तात्यांनी हात जोडले. "साब, नल..."

"आवो, आदी पानी तर घिऊ द्या त्यास्नी!" काकूनं त्यांना कोपरानं सारलं. "पावना उंबऱ्यात हाय, घसा वाळलाय, आन् तुमचं आपलं नल नल!"

तिनं नळाखाली तांब्या धरला, भरला, दोन्ही हातांनी पुढं केला. मंत्र्यांनी तो तोंडाला लावला.

आमच्याकडं पाणी पिणाऱ्या माणसाशी बोलत नाहीत. ठसका लागतो. वैरी असला तरी त्याचं पिऊन होईस्तोवर थांबायचं. तात्या थांबले. मंत्री सावकाश प्याले.

"सर, एक बार फिर," फोटोवाला म्हणाला.

मंत्री पुन्हा प्याले. "वाह, मीठा पानी है," म्हणाले, काकूच्या पाया पडल्यासारखं वाकले आणि सव्वा मिनिट संपलं.

"आता बोला," काकू म्हणाली.

मंत्री शेजारच्या गोबरगॅसपाशी पोचले होते. तात्या ओरडले, "साब, नल सूखा है!" पण तेवढ्यात लेझीम सुरू झाली. तात्यांना पुढं जाऊ न देता गुणवंतसाहेब म्हणाले, "बिल्कुल, बिल्कुल. अर्ज देऊन ठेवा ना."

चार वाजता गावाहून ग्रामसेवक जयेशचा फोन आला. तात्यांनी स्पीकर लावला.

"तात्या, तुमचा फोटो सगळीकडं फिरतोय. आठवा अर्ज निकाली निघाला. शेरा वाचू का?"

"वाच."

"'सदर गावचे पाणी मा. मंत्रिमहोदयांनी स्वतः प्राशन केले आहे. टँकरची मागणी कायमस्वरूपी बंद.'"

काकूला 'प्राशन' कळलं नाही. 'कायमस्वरूपी' कळलं.

स्टेशनला जायला आम्ही मेट्रोत बसलो. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "हेमलतेला काय तोंड दावू?"

"तू एकलीच न्हाईस," तात्या म्हणाले. "मला बोलता आलं आसतं. पन मलाबी वाटलं, आदी पिऊ दे."

मी एरवी अशा वेळी विनोद करतो. आज विचारलं, "काकू, परत तो माणूस दारात आला तर?"

काकूनं पदराचं टोक सोडून दिलं.

"पानी दीन," ती म्हणाली. "पन बोरखडीत येऊ दे त्येला. आपल्या नळाखाली तांब्या धरीन, घोंगडं टाकीन, म्हनीन बसा. पानी पेल्याबिगर पावन्याला उठू देत न्हाईत आमच्यात."