जुन्याची चूक

आमच्या अण्णांनी एक भाषा केली. संगणकाची. उमापूरच्या शाळेत गणित शिकवणारा माणूस, पण पुस्तकं आणून, रात्रीचा दिवस करून त्यांनी ती उभी केली आणि नाव ठेवलं ‘पाट’. ‘मोज’, ‘लाव’, ‘वाटून दे’ असल्या साध्या मराठी आज्ञा. वीस वर्षं झाली, आसपासच्या पाणी संस्था तिच्यावरच पाळ्या लावतात, म्हणजे कुणाच्या रानाला किती वेळ कालव्याचं पाणी ते ठरवतात.

ते जुने संगणक आता मिळत नाहीत. म्हणून पुण्याची एक कंपनी पाट नव्यानं लिहितेय आणि मी घरी बसून त्याच कंपनीत काम करते. काम काय, तर जुनी आणि नवी शेजारी-शेजारी चालवायची आणि जिथं फरक पडेल तिथं नोंद करायची. नोंदीपुढं तीन रकाने: नव्यात बिघाड, नव्यात घालायचं राहिलंय, जुन्याची चूक. आई गेल्याला आठ महिने झाले. तेव्हापासून या घरात अण्णा, मी आणि ही यादी.

दोनशे अकरा नोंदी झाल्या तरी तिसरा रकाना कोरा होता. अण्णा रोज चष्मा लावून तो कोरा रकाना बघायचे. “घावली का गं एखादी?” म्हणून विचारायचे आणि मिशीत हसायचे. नव्या पाटावर पहिल्याच पानाला त्यांचं नाव येणार होतं. त्यांना आता दुसरं काही नको होतं.

परवा चकलांब्याची ताराबाई आली. चार मेंढरं आणि चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, पार शेवटाला दीड एकर रान, एवढाच तिचा पसारा. या वेळच्या पाळीला तिथल्या संस्थेनं पहिल्यांदाच नवी पाट चालवून बघितली होती.

“अंजू, मला औंदा चाळीस मिन्टं जास्त पानी आलं बाई,” ती ओट्यावर टेकत म्हणाली. “तुज्या मशिनीची चूक आसंल तर आत्ताच सांग. मागून कुनी माज्या नावानं बोंब मारायला नको.”

घ्या! पाणी जास्त आलं म्हणून तक्रार करणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. तिच्या हातात चहा दिला आणि आत येऊन बघितलं. तिचा वाटा एक तास चाळीस मिनिटंच होता. नवी बरोबर होती. जुनी चालवली तर आला नुसता एक तास. प्रत्येकाची तासावरची मिनिटं कापून ती सगळी यादीतल्या पहिल्या नावावर पडत होती. पहिलं नाव विजयसिंहांचं, संस्थेचे अध्यक्ष.

राग यायला पाहिजे होता. आला नाही. काहीच आलं नाही. मी दोनशे बारावी नोंद लिहिली आणि अण्णांना हाक मारली.

“अण्णा, ‘वाटून दे’ मिनिटं खातंय. जुन्याची चूक लिहू?”

“माज्या पाटात चूक न्हाई,” अण्णा म्हणाले. “नव्यात राहिलंय, आसं लिही.”

“तसं लिहिलं तर कंपनीतली पोरं नव्यातही ते घालतील. ताराबाईची चाळीस मिनिटं परत जातील.”

अण्णांनी चष्मा काढून ठेवला. मग हळूच म्हणाले, “पयला संगणक विजयसिंगानं घिऊन दिलता. त्यो म्हनला, उरलंसुरलं माज्याकडं वळवा. वळवलं.”

“वीस वर्षं?”

“न्हाई म्हनलो असतो तर पाट तिथंच बंद पडली असती, अंजे.”

“मग खरं तेच लिहिते. मुद्दाम केलं म्हणून.”

“नाव टाकनार हायेत ना ती पोरं?”

“चूक असली तरी टाकतील. मुद्दाम केलं म्हटल्यावर नाही.”

बाहेर ताराबाईनं कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“नुसती चूक लिही,” अण्णा म्हणाले.

आणि स्वतःच उठून ओट्यावर गेले. मी दारात उभी राहिले.

“ताराबाई, ते पानी तुजंच हाय. माजी चूक झालती. इतकी वर्सं तुला कमी आलं.”

ताराबाई गडबडीनं उठली, पदर सावरला. “अवं अण्णा, आसं कावून बोलता? मानसाच्या हातनं व्हतंच की! मला वाटायचं पानी सोडनारा पाटकरीच मुडदा माजं पानी खातोय. लई शिव्या घातल्या त्याला. त्याचं पाप लागलं मला.”

एवढं म्हणून ती वाकली आणि तिनं अण्णांच्या पायावर डोकं टेकवलं. अण्णांनी पाय मागं घेतले नाहीत. मी आत आले, दोनशे बाराव्या नोंदीला तिसरा रकाना भरला आणि यादी पुण्याला पाठवून दिली.