वर्षाराणीनं शोधलेली शाळा

वाशीमच्या मोठ्या इंग्रजी शाळेसमोर, रस्त्यापलीकडल्या कडुनिंबाखाली वर्षाराणी मांडी घालून बसली आणि हरीओमला कुठं तोंड लपवावं ते कळेना. त्याच्या सख्ख्या मामांनी, देवानंदमामांनी, वाशीमातल्या ओळखीपाळखीतून शब्द टाकून ही भेट ठरवून दिली होती. हरीओम त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आणि ही बाई आत जायचं सोडून झाडाखाली!

"चाल ना, वर्षा. मोठे सर वाट पाहून राह्यले असतीन."

"थांबा जरासक. शाळा सुटून राह्यली. पोट्टे बाहेर कसे येतात थे पाहू द्या मले."

"त्यात काय पाहाचं?"

"माहं लेकरू घरी कसं येईन, थे इथीसाच दिसन."

हरीओम झाडाला टेकून उभा राहिला. लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली होती, पण बायकोच्या डोक्यात काय चाललंय याचा थांग त्याला अजून लागत नसे. एवढं मात्र कळलं होतं, की ती उगाच बसत नाही.

त्यांची लेक संस्कृती आठ वर्षांची. रिठदजवळच्या त्यांच्या खेड्यात, घराच्या ओसरीवर आजोबा रामकिसन अंबाडीचा दोर वळत बसले की ही शेजारी बसून पेड धरायची आणि तोंडानं अखंड बोलत राहायची. पण पाहुणे आले, मोटार सुरू झाली, कुणी मोठ्यानं हसलं, की तिचे दोन्ही हात कानांवर जायचे. शाळेत तर तिनं तोंडच उघडलं नव्हतं. सकाळी डोळे उघडल्याबरोबर तिचा पहिला प्रश्न असे, "आज काय काय होईन?" वर्षाराणी एकेक करून सांगे: आधी आंघोळ, मग चहा-पोळी, मग वेणी, मग शाळा. ठरल्याप्रमाणं घडलं तर दिवस सरळ जायचा. मध्येच काही बदललं, तर लेकरू थरथरायला लागायचं.

मागच्या सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं ढोल वाजला आणि संस्कृती रांगेतून पळाली. सगळं गाव शोधत सुटलं. दुपार कलल्यावर ती तुरीच्या शेतात सापडली, दोन्ही कान मातीच्या हातांनी दाबून बसलेली. गुरुजी म्हणाले, "माझ्याकडं वर्गात एवढी लेकरं, हिच्यामागं कोण पळणार?" त्यांचंही खोटं नव्हतं.

वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी दोन-तीनदा बोलावून, खेळवून, नीट पाहून सांगितलं, की हिला स्वमग्नता आहे. "हा आजार नव्हे. हिच्या मेंदूची घडणच निराळी आहे. त्यात भीतीची भर पडलीय. हिला जपून शिकवणारी शाळा बघा."

सासूबाई धुरपताबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "मंगरूळपीरच्या दर्ग्यावर नेऊन आनू. अन् पोरीच्या जातीले शाळा नसली तं काय अडते?"

वर्षाराणीनं वाद घातला नाही. सासूबरोबर दर्ग्यावर गेली, मनापासून डोकं टेकवलं. परतीच्या बसमध्ये खिडकीची काच खडखडत होती आणि संस्कृती कान दाबून डोळे मिटून बसली होती. शेजारच्या बाईनं काही न विचारता आपल्या पिशवीतलं फडकं काढलं, घडी केली आणि काचेच्या फटीत घट्ट बसवलं. खडखड थांबली. ही तुळसाबाई. एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची.

"तुमाले कसं समजलं, बाई?" वर्षाराणीनं विचारलं.

"आमच्या शाळेत असंच एक लेकरू हाये. आमच्या मॅडमनं त्याच्यापायी मले भगोनं आपटू नको म्हनून सांगतलं. तवापासून ध्यानात येते."

वर्षाराणीनं शाळा कुठं आहे ते विचारून घेतलं आणि ते मनात ठेवलं.

पण आधी मामांची शाळा पाहायची होती, म्हणून आज ते वाशीमात आले होते. घंटा झाली. घंटा कसली, भोंगाच तो. पोरं टाय सोडत, दप्तरं ओढत बाहेर आली. काही हसत होती, बरीचशी नुसती दमलेली होती. वर्षाराणीनं सगळी पोरं पांगेपर्यंत पाहिलं आणि मग पदर सावरून उठली.

मुख्याध्यापक भला माणूस होता. त्यानं पाणी मागवलं, संगणकाची खोली दाखवली. वर्षाराणीनं एकच विचारलं, "सर, एखादं लेकरू भेवलं, आत यायले तयारच नसन, तं तुमी काय करता?"

"दोन-चार दिवस रडतात, ताई. आम्ही लक्ष देत नाही. आपोआप सरळ होतात."

रिसोडच्या एका शाळेतही तिनं हेच विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "अशा मुलांना आम्ही वेगळ्या खोलीत मदतनिसाजवळ बसवतो. वर्गाला त्रास नको."

तुळसाबाईची शाळा रिठदपासून दोन गावं ओलांडून होती. दोन खोल्या, वर टिन, पुढं व्हरांडा. अर्ध्या पोरांचे आईबाप हंगामात ऊस तोडायला जाणारे. हरीओमनं मोटारसायकल उभी केली तेव्हाच त्याचं मन खट्टू झालं होतं. आत सुकेशनी मॅडम गोष्ट वाचून दाखवत होत्या आणि एक पोरगा चक्क टेबलाखाली भिंतीला पाठ लावून बसला होता. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं, कुणी हसत नव्हतं.

गोष्ट संपल्यावर मॅडम बाहेर आल्या.

"थो पोरगा टेबलाखाली काहून?" हरीओमनं आधी तेच विचारलं.

"तिथं त्याले बरं वाटते, भाऊ. पन कान इकडंच असते. मघाशी मी एक ओळ गाळली तं त्यानंच खालून सांगतलं."

मग वर्षाराणीनं तिचा प्रश्न विचारला. सुकेशनी मॅडम पायरीवर टेकल्या.

"थे लेकरू कोनतं हाये त्याच्यावर हाये, ताई. तुमचं लेकरू कशानं भेवते?"

वर्षाराणी बोलायला लागली. ढोल, भोंगा, अचानक बदललेलं काम, पाठीमागून आलेला हात. मग संस्कृतीला काय आवडतं तेही सांगितलं: दोर वळणं, तेच गाणं परत परत ऐकणं, चहात पोळी नीट चौकोनी तुकडे करून बुडवणं. मॅडम ऐकत होत्या. हरीओमला वाटलं, पोरीबद्दल इतकं सगळं आपल्यालाही ठाऊक नव्हतं.

"मले सगळं येते असं नाई," मॅडम शेवटी म्हणाल्या. "चुका होतीन माह्या. पन सुट्टीत आना तिले, शाळेत कोनी नसतांनी. खोल्या पाहू द्या, नळ पाहू द्या, संडास पाहू द्या. मंग पाहू."

घरी येताना वर्षाराणी मागच्या सीटवरून म्हणाली, "हीच."

"दोन खोल्यांची?" हरीओम म्हणाला. "लोक लेकरं खेड्यातून वाशीमले नेतात, अन् आपन आनखी खेड्यात?"

देवानंदमामा तर फोनवर चिडलेच. शेवटी असं ठरलं, की संस्कृती काही दिवस वस्तीवरच्या शाळेत जाईल आणि मामा तोवर वाशीमची जागा धरून ठेवतील.

उन्हाळ्यात वर्षाराणीनं तिला दोनदा रिकामी शाळा दाखवून आणली. तरी शाळा उघडल्यावर ती व्हरांड्याच्या पायरीपलीकडं जाईना. पहिल्या दिवशी हरीओमचा धीर सुटला आणि तो तिला उचलायला वाकला.

"नको, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पायरीबी शाळेचीच हाये. बसू द्या."

मॅडम रोज सकाळी व्हरांड्याच्या भिंतीवर, पोरांच्या डोळ्यांना नीट दिसेल अशा उंचीवर, खडूनं दिवसाची चित्रं काढायला लागल्या: पुस्तक, आकडे, ताट, चेंडू, शेवटी घर. जे झालं ते पुसायचं. संस्कृतीनं पहिले काही दिवस नुसतं पाहिलं. मग एका सकाळी उठून झालेलं पुस्तक तिनंच हातानं पुसलं. आठवडा उलटून गेल्यावर ती दाराशी जाऊन बसली. नंतर आत, टेबलाखालच्या पोरापासून थोडी दूर. बोलत मात्र नव्हती.

सोयाबीनमध्ये तण काढायला डवरे फिरत होते तेव्हा मामांचा फोन आला. "हरी, आज दुपारी पोरीले घेऊन ये. आजच्यानंतर जागा राहत नाई."

हरीओमनं डवरा बांधावर टेकवला आणि घरी आला. त्याला वाटलं होतं, वर्षाराणी भांडेल. ती म्हणाली, "बाप आहात तुमी, तुमाले वाटते तं न्या. पन नेण्याच्या आंदी एक डाव बाहेर उभं राहून पाहा. मी रोज पाहतो, तुमी कवाच नाई पाह्यलं."

तो शाळेशी पोचला तर दारात जीप उभी. शिक्षण खात्याचे साहेब अचानक तपासणीला आले होते. भिंतीवर आता चेंडूचं चित्र होतं, म्हणजे खेळाची वेळ. पण पोरांना वर्गात बसवून साहेब एकेकाला वाचायला उभं करत होते. आणि संस्कृती व्हरांड्याच्या कोपऱ्यात, गुडघ्यांत डोकं घालून, जिवाच्या आकांतानं ओरडत होती. हरीओमनं मोटारसायकल तशीच सोडली. तो धावणार, एवढ्यात सुकेशनी मॅडम बाहेर आल्या. मागून साहेबांचा आवाज आला, "मॅडम, काय चाललंय हे?"

"साहेब, दोन मिनिटं द्या. माझ्या हातून एक चूक झालीय. ती आधी निस्तरू द्या मला."

मॅडम संस्कृतीपासून हातभर लांब, फरशीवर बसल्या. हात लावला नाही. आवाज चढवला नाही. ओरडणं थोडं कमी होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "संस्कृती, मी भिंतीवर खेळ काढला अन् वाचन लावलं. चूक माही हाये. तुले आंदी सांगाले पायजे होतं मी."

मग उठून त्यांनी चेंडू पुसला. त्या जागी एक चष्मेवाला माणूस काढला, त्याच्यापुढं पुस्तक आणि त्यानंतर पुन्हा चेंडू. वर्गातून आवाज नाही. सगळी पोरं चिडीचूप होती. त्यांना कुणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं.

साहेब दारापर्यंत आले. भिंतीकडं पाहिलं, आपल्या चष्म्याला हात लावला. "हा मी का?" म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

बऱ्याच वेळानं संस्कृती उठली. चित्रांपाशी गेली. एकेकावर बोट ठेवलं. मग साहेबांच्या चेहऱ्याकडं न पाहता, त्यांच्या बुटांकडं पाहत तिनं विचारलं, "तुमी किती वेळ आहात?"

"अर्धा तास, बेटा."

"मंग खेळ?"

"मग खेळ. पक्का."

ती आत गेली. तिची पाळी आली तेव्हा उभी राहिली आणि वाचायला लागली. आवाज इतका बारीक, की हरीओमला खिडकीच्या गजाला कान लावावा लागला. पण ते तिचंच वाचन होतं. शाळेत, लोकांपुढं, आपल्या लेकीचा आवाज त्यानं त्याआधी कधीच ऐकला नव्हता.

तो पाय न वाजवता मागं सरला, रस्त्यावर आला आणि मामांना फोन लावला.

"मामा, जागा दुसऱ्या कोनाले देऊन टाका."

"काहून रे? काय झालं?"

"साहेब समोर उभा असतांनी मास्तरीनबाई लेकराले म्हनते, चूक माही. असं मी जिंदगीत नाई पाह्यलं, मामा."

"अरे, पन पुढं? इंग्रजी? मोठी शाळा?"

"पुढचं पुढं पाहू. आज थी आत जाऊन वाचून राह्यली."

मामा म्हणाले, "बरं. एक डाव मलेही दाखव थी शाळा."

घरी वर्षाराणी दारात होती. त्याला एकटाच आलेला पाहून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिऊन तो एवढंच म्हणाला, "वर्षा, मी कपडे पाहत होतो, इमारती पाहत होतो. तू मानसं पाहत होती."

"बसा," ती म्हणाली. "भाकर वाढतो."

सगळं सुरळीत झालं असं नाही. संमेलनाच्या दिवशी संस्कृती घरीच राहते. काही सकाळी तिचं पाऊल पुन्हा पायरीवरच अडतं आणि त्या दिवशी वर्ग तिच्याशिवाय सुरू होतो. सुकेशनी मॅडमची कधीतरी बदली होईल, ही धास्ती वर्षाराणीला आहेच. पण टेबलाखालचा पोरगा आणि संस्कृती आता एकाच पुस्तकातून वाचतात, आणि धुरपताबाई शेजारणींना बजावतात, "नात वाचते तवा कुकर नका लावू, माय."

मागच्या महिन्यात गावातल्या मोहनसिंगची सून आपलं लेकरू कडेवर घेऊन आली. ते तीन वर्षांचं होऊनही बोलत नव्हतं. कुठली शाळा चांगली, एवढंच तिला हवं होतं. वर्षाराणीनं शाळेचं नाव सांगितलं नाही. तिनं लेकराला उन्हातून सावलीत घेतलं आणि विचारलं, "याले काय आवडते, थे सांग आंदी." दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या.

हरीओम ओसरीवर बसून ऐकत होता. मध्येच तो उठला, गाडी पुसली आणि त्या दोघींना विचारलं, "कधी निघाचं शाळा पाहाले?"