मिरचीतुला

डॉ. मुकुंद धोटे यांची मिरचीतुला करायची, असं भिवापूरच्या मिरची बाजारानं ठरवलं, तेव्हा एकाही माणसानं विचारलं नाही की मिरच्यांनी माणूस कशाला तोलायचा. लोक गुळानं तोलतात, पेढ्यांनी तोलतात, वह्यांनी तोलतात. भिवापुरात मिरची होते, म्हणून मिरचीनं. यात विचारण्यासारखं काय आहे?

मुकुंद भिवापूरचाच. नागपूरच्या एका कॉलेजात औषधांचं रसायनशास्त्र शिकवायचा. एकाहत्तर साली त्यानं एक शोधनिबंध लिहिला होता. बाया दिवसभर बसून मिरच्यांचे देठ खुडतात आणि संध्याकाळी बाजार ते देठ झाडून उकिरड्यावर टाकतो. त्या देठांच्या अर्कानं उंदरांच्या पोटातले व्रण भरून येतात, असं निबंधात सिद्ध केलेलं होतं. निबंध विलायतेच्या मासिकात छापून आला आणि त्यानंतर आठ वर्षं काहीही झालं नाही. संशोधनात बहुधा हेच होतं.

मग एकोणऐंशी साली रीडरच्या जागेचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता : ‘आपल्या संशोधनाचा इतर संशोधकांनी किती वेळा उल्लेख केला?’ मुकुंद एका मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयात गेला. जगात कोणी कोणाच्या निबंधाचा उल्लेख केला याची जाडजूड सूची तिथं यायची. अक्षर खसखशीएवढं. मुकुंदनं भिंग लावलं आणि स्वतःच्या नावाखाली मोजायला सुरुवात केली. बारापर्यंत तो शांत होता. विसाला त्यानं भिंग पुसलं. एकतीसला तो उठून पाणी पिऊन आला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकतीसच.

सूचीत फक्त उल्लेख केल्याचं असतं. काय म्हणून केला, ते नसतं.

“एकतीस?” त्याची बायको प्रेमिला म्हणाली. “म्हंजे एकतीस देशांत?”

“देश नऊ आहेत.”

“नऊ काय, एकतीस काय. काकाजीले कळवते मी.”

काकाजी म्हणजे चंपतराव, मुकुंदचे सख्खे काका, मिरचीचे अडते. मुकुंदच्या एम.एस्सी.पर्यंतची फी त्यांनीच भरलेली. त्यांच्या पोटात जुना व्रण होता. पुतण्याचा निबंध छापून आला त्या दिवसापासून ते रोज सकाळी देठांचा काढा पीत होते. पोटात आग पडली की म्हणायचे, औषध लागू पडून राहिलं. ताक त्यांनी सोडून दिलं होतं, कारण ताकानं औषध मारलं जाईल. आठ वर्षांत त्यांचा सदरा दोनदा आत घ्यावा लागला. शिंपी म्हणाला, तब्येत सुटसुटीत झाली.

तर या काकांनी बाजाराकडून तुला ठरवून घेतली. मुकुंदनंही एक काम केलं, आणि ते फक्त हौसेनं केलं. एकतीसच्या एकतीस संशोधकांना त्यानं कार्डं टाकली : कृपया आपल्या निबंधाची एक प्रत पाठवावी. तशी पद्धतच असते. प्रती आल्या की भिवापूरच्या मांडवात दोरीला टांगायच्या, असा त्याचा बेत होता.

दोन महिन्यांनी पाकिटं येऊ लागली. उंदीरघर सांभाळणारा लहानू ती घेऊन यायचा आणि तिकिटं मागून न्यायचा.

पहिलं पाकीट जर्मनीचं. मुकुंदनं आपलं नाव शोधलं. लिहिलं होतं : ‘धोटे यांच्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही.’ एवढ्यातेवढ्यानं माणसानं खचू नये म्हणून त्यानं दुसरं फोडलं. ते कॅनडातल्या एका प्राध्यापकाचं, विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं. निष्कर्ष कसा काढू नये, याचं उदाहरण धोटे. तिसरं जपानचं. जपानी माणूस सभ्य. त्यानं लिहिलं होतं की आमच्या उंदरांचे व्रण देठांच्या अर्कानं वाढले. धोटे यांचे उंदीर आमच्या उंदरांपेक्षा अधिक सुखी असावेत.

तुलेच्या आदल्या दिवसापर्यंत चौदा पाकिटं आली. चौदाही जणांचं एकमत होतं. शास्त्रज्ञांत इतकं एकमत सहसा होत नाही.

जपानी वाक्य मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. तो उंदीरघरात गेला.

“लहानू, एकाहत्तरच्या उंदरांना आपण काय खायला घालत होतो?”

“सगळ्याईले सारखंच, साहेब. फक्त दोन नंबरच्या पिंजऱ्याले वरून ताक.”

“ताक?”

“माह्या डब्यातलं. आपन त्याईले मिरचीचं पानी पाजून राहिलो होतो ना? जीव नाई का त्याईले?”

“मग एक नंबरला काहून नाही दिलं?”

“त्याईले कुठं तिखट लागत होतं?” लहानू म्हणाला.

“किती दिवस दिलं?”

“शेवटलोक. तुमाले ठाऊक होतं ना? डब्याचं झाकन भरून ठेवत होतो त्याईच्यासाठी. एक डाव तं तुमीच उचलून धुऊन ठेवलं. मी म्हनलं, चला, साहेबाची परवानगी हाय.”

मे महिना होता, हे मुकुंदला आठवलं. पिंजऱ्यात ॲल्युमिनियमचं झाकण, कडेला पांढरी रेघ सुकलेली. त्याच दिवशी दोन नंबरच्या उंदरांचे आकडे आले होते. असे आकडे आयुष्यात एकदा येतात. त्यानं झाकण उचललं, नळाखाली धरलं, बोटानं ती पांढरी रेघ घासून काढली आणि झाकण लहानूच्या डब्यावर नीट दाबून बसवलं. विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

घरी प्रेमिलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जाऊन या गुपचूप. तिथं कोन इंग्रजी वाचून राहिलं?”

दुसऱ्या दिवशी भिवापूरच्या बाजारात तीन बल्ल्यांच्या तिकाटण्याला मोठा काटा टांगलेला होता. एका पारड्यात गादी घालून मुकुंदला बसवलं. दुसऱ्यात प्रत्येक जण आपापली मिरची आणून ओतू लागला : अडत्यांची पोती, देठ खुडणाऱ्या बायांची पदरातली मूठ मूठ. मिरची पडत गेली तसा मुकुंद वर जात गेला. लहानू धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. मिरचीचा खकाणा उठला आणि पाहुण्यांसकट सगळा मांडव शिंकू लागला. सत्काराचं पहिलं भाषण शिंकांतच झालं, आणि ते बरंच बरं झालं असं पुष्कळांचं मत पडलं.

“बासष्ट किलो!” मापारी ओरडला.

चंपतरावांनी माईक हातात घेतला. माईक धरलेला हात नुसता हाडांचा होता.

“भाऊ हो, आठ वरसं झाले, मी ह्या पोराचं औषध घेऊन राहिलो. आता दोन महिन्यांपासून खाल्लेलं टिकत नाई. म्हंजे जुना रोग मुळासकट बाहेर पडून राहिला!” टाळ्या. “हे टेबल पाहा. दोनशे पुड्या देठ बांधल्या. ज्याचं ज्याचं पोट दुखते त्यानं फुकट घेऊन जा.”

दोनशे माणसांतली साठ-सत्तर लगेच उठली. भिवापुरात पोटं बऱ्यापैकी दुखतात.

“थांबा!” मुकुंद पारड्यातून म्हणाला. त्याला शिंक आली. “काका, थांबवा त्यांना.” पुन्हा शिंक. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“पोरगा गहिवरला,” काका माईकवर म्हणाले. पुन्हा टाळ्या.

मुकुंदनं लोंबकळत हात लांब करून माईक ओढून घेतला. “मी गहिवरलो नाही. ते औषध नाही, काका. त्यानं व्रण वाढतो. त्या एकतीसातल्या ज्यांचं लिहिणं माझ्याकडे आलं, त्या चौदाही जणांनी माझा उल्लेख केला तो हेच सांगायला केला. उंदरांना ताक मिळत होतं. ते ताकानं सावरले होते. तुम्ही तो काढा बंद करा, अन् उद्याच नागपूरला मोठ्या डॉक्टराकडे चला.”

मांडवात फक्त शिंका राहिल्या. देठ खुडणाऱ्या पंचफुलाबाई मागून म्हणाल्या, “हे तं आमच्या लेकरानंबी सांगतलं असतं. तिखट खाल्लं का ताक पेतेच मानूस.”

पहिल्या रांगेत लहानू उभा राहिला. “मालक, साहेबाचा दोष नाई. ताक म्या दिलं चोरून.”

आता इथं मुकुंद नुसता गप्प बसला असता तरी भागलं असतं. गप्प कसं बसावं हे त्याला येत होतं. मागं एकदा ते त्यानं फार चांगलं केलं होतं.

काकांनी मान वर केली. “तुले ठाऊक होतं काय गा?”

“हो,” मुकुंद म्हणाला. “मी झाकण पाह्यलं होतं. धुतलंही मीच.”

“कधी?”

“छापून यायच्या आधी.”

काकांनी माईक परत घेतला, बंद केला आणि खाली ठेवला. कोणीतरी त्यांच्यासाठी पितळेच्या पेल्यात ताक आणलं. आठ वर्षांनी त्यांनी ताकाचा पहिला घोट घेतला, सगळ्या बाजारासमोर, आणि पेला संपेपर्यंत पुतण्याकडे पाहिलं नाही.

लोकांनी आपापली मिरची परत न्यायला सुरुवात केली. कोणी रागावलं नाही. पोतं उचललं की मुकुंदचं पारडं वीतभर खाली यायचं. बायांनी पदर भरून नेले. शेवटची मूठ पंचफुलाबाईंची. ती त्यांनी नीट निवडून घेतली, कारण मूठभर दिली तेव्हा चांगली मिरची दिली होती. धप्प करून पारडं जमिनीला टेकलं. मुकुंद गादीवर तसाच बसून राहिला. त्याला उतर म्हणायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

“उद्या साडेसातच्या गाडीनं येतो मी,” काका पाठमोरेच म्हणाले. “नागपूरच्या स्टँडवर उभा राहाजो.”

परतीच्या एसटीत मुकुंद आणि लहानू शेजारी बसले. उमरेड मागे पडेपर्यंत दोघंही अधूनमधून शिंकत होते.

“साहेब,” लहानूनं विचारलं, “आता ते एकतीस कमी होतील काय?”

“नाही. बत्तीस होतील.”

“बत्तीसवा कोन?”

“मी. उद्या काकांना दवाखान्यात दाखवलं की लिहायला बसतो.”

लहानूनं नाक पुसलं. “मंग त्यात ताकाचं नीट लिहा, साहेब. गाईचं होतं.”