रिकाम्या थैलीचा गोविंदा

महाराष्ट्र मिळाला त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीची गोष्ट. खोटी वाटली तर लालबागच्या कावळ्यांना विचारा, त्यांना वाट सोडावी लागली होती.

माझे धाकटे दीर, अच्युतभावजी, लिस्प नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकत होते. ती यंत्राला वाचून दाखवणारा दुभाष्या कसा बांधायचा, हा त्यांचा ध्यास. यंत्र तिकडे कुलाब्याला, ह्यांच्याकडे नुसते कागद! सासरे, अण्णा, वैतागले. "उद्या बँकेत चिकट. नाहीतर दाखव तुझी भाषा काय करते ती." गुपचूप मोजून सुपाऱ्या थैलीत टाकल्या. "सांग, आत किती?"

भावजींनी चाळीतले गोविंदा एकावर एक उभे केले. गॅलरीतून प्रत्येकाला तोच नियम वाचून दाखवला, "एक सुपारी काढ, थैली वरच्याला दे. तो सांगेल त्यात एक मिळव, खालच्याला सांग."

थैली वर सरकली. सुपाऱ्या संपल्या. शेंड्यावरचा लवू ओरडला, "दादानु, थैली रिकामी! आता?"

"नियम तोच! वरच्याला दे!"

वर कोणी नाही, म्हणून धोंडू चढला. मग आनंदा, मग कोंडीराम... कौलं खाली राहिली, गिरणीची चिमणी खाली राहिली. वरून हाक आली, "माहीमची खाडी दिसता!"

अण्णा खालून म्हणाले, "थांबायचं कधी, ते तुझ्या भाषेत नाही वाटतं? बँकेत चल."

भावजी पांढरेफटक पडले. कागद उलटेपालटे केले आणि एकदम किंचाळले, "रिकामी थैली मिळाली त्याने नुसतं शून्य म्हणा! पुढे देऊ नका!"

ढगातून "शून्य" उतरलं. मग लवूच्याही तोंडून शून्य. त्याच्या खालच्याकडे सुपारी होती, तो म्हणाला, "एक." मग "दोन." आकडा माणसामाणसातून वाढत खाली येत होता.  माझ्या अंगावर काटा! सगळ्यात खालच्या जयवंतने अण्णांना सांगितलं, "अकरा."

अण्णा पुटपुटले, "बरोबर. पण कुणीच सगळ्या मोजल्या नाहीत. मग मोजल्या कुणी?"

"नियमाने, अण्णा."

अण्णा मान वर करून बघतच राहिले. "बँकेला मी 'नाही' म्हणून कळवतो," म्हणाले. आणि मग हळूच, "काय रे, सुपारीच्या जागी आत दुसरी थैलीच निघाली तर?"

भावजींचे डोळे चमकले.

"ए, उतरू नका रे कोणी!"