बादशाचे माप

"डॉक्टरीणबाईंच्या पिशवीत जाऊ नकोस," असे भिवंडीच्या दुकानात माझ्या शेजारी टांगलेल्या कात्रीने मला बजावले होते. "शिंप्याकडे जा. तिथे माप जास्त भरले तर माणसे कपडा सैल करून घेतात. बाकी ठिकाणी माप पटले नाही की पट्टीच फेकतात." मी मान उडवली. कात्रीला काय कळते, असे मला वाटले.

मित्रांनो, मी एक जुनी कापडी मोजपट्टी आहे. सत्त्याऐंशी साली गुरांच्या डॉक्टर सुचेताबाईंनी मला विकत घेतले, ते रेड्यांचे आणि वळूंचे वृषण मोजण्यासाठी. वृषण म्हणजे नराचे बीज जिथे तयार होते तो अवयव. हसू नका, हसणारे तिथे पुष्कळ होते. त्याचा घेर चांगला भरला तर नर पैदाशीला चांगला, हे माझ्यावरच्या आकड्यांवरून बरेचसे समजते.

अंजूरच्या दौलतशेठने गोदामांना जमीन विकली आणि एक रेडा आणला. नाव बादशा. तेल लावून चकाकणारे अंग, शिंगांना पितळी टोप्या, गळ्यात घुंगरांचा पट्टा. गावातल्या म्हशी फळवायला त्याच्याकडेच जात. शेजारच्या पुतळाबाईंची चंद्रीही गेली. ती पुन्हा पुन्हा उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली. पुतळाबाई विधवा. चंद्रीचे दूध कामतघरच्या चाळींत घालून त्यांचे घर चाले, आणि ते दूध आता आटत आले होते.

"तुजी म्हसच भाकड हाय," दौलतशेठ म्हणाला. "खाटकाला दे नि मोकली हो."

पुतळाबाईंनी सुचेताबाईंना बोलावून आणले. बाईंनी चंद्रीला तपासले, तिच्यात काही दोष सापडला नाही. मग त्या सरळ दौलतशेठच्या गोठ्यात गेल्या आणि बादशाच्या मागे वाकून मला त्याच्या वृषणांभोवती गुंडाळले. कट्ट्यावरचे बाप्ये खिदळू लागले.

"काय बाई, चड्डी शिवताव काय त्याला?" दौलतशेठने विचारले. "मोजायचं तर शिंगां मोजा. छाती मोजा."

"शिंगांनी म्हैस गाभण राहत नाही, दौलतशेठ," बाई शांतपणे म्हणाल्या. "बावीस सेंटिमीटर भरतंय. एवढ्या रेड्याला सत्तावीस-अठ्ठावीस तरी हवं. शिवाय हाताला पिळपिळीत लागतंय. याच्याकडे म्हशी घेऊ नका."

खिदळणे थांबले. शेठने मला बाईंच्या हातातून ओढले आणि उकिरड्यात फेकले. त्या क्षणी मला कात्री आठवली. घुंगरांपुढे आकडा टिकत नाही, आकडा वाचता येणाऱ्या माणसांतसुद्धा नाही.

पुतळाबाईंनी मला उचलून धुतले. बाईंच्या पिशवीत तोवर दुसरी पट्टी आली होती, म्हणून मी पुतळाबाईंच्याच खुंटीवर राहिले. पुढच्या माजाला चंद्रीला दवाखान्यात नेऊन कृत्रिम रेतन केले. ती पहिल्याच खेपेला फळली, तिला पारडी झाली. बातमी ऐकून दौलतशेठ पेढा खायला आला.

"आमच्या बादशाचंच हाय," तो म्हणाला. "जरा उशिरा लागलं."

आणि मान डोलावणारे पाचसहा जण त्याच्यासोबत होते. अशा माणसांवर रागावणेसुद्धा वाया जाते.

बादशा गेला, गोठ्याच्या जागी गोदाम आले. त्र्याण्णव साली शेठच्या घरात सून आली, सरला. बोलायला गोड, शिकलेली. दोन वर्षांनी भिंतीपलीकडून मला तेच शब्द ऐकू आले, त्याच आवाजात: "सूनच भाकड हाय." शेठच्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचे नाव कोणी काढले नाही. त्याच्या गळ्यात सोन्याची साखळी होती ना.

पुतळाबाई आता दुधाच्या जोडीला शिवणही करत, आणि सरला ब्लाउज शिवून घ्यायला त्यांच्याकडे येई. लग्नानंतर पहिल्यांदा तिचे माप घेतले तेव्हा मी तिच्या कमरेभोवती छान बसले होते. शेवटच्या वेळी मी बरीच उरले. पुतळाबाईंनी आकडा पाहिला आणि विचारले, "जेवतंस ना गं?" ती नुसती हसली. आठवड्याने तिला कशेळीला माहेरी धाडले.

पुतळाबाईंचे गुडघे आता चालत नाहीत, आणि मी तर खुंटीवरची. तुम्ही कशेळीवरून जालच. खाडीच्या बाजूला, शेवटच्या गोदामामागे तिच्या भावाचे घर आहे. मित्रांनो, जरा आत डोकावा. ती कशी आहे ते भावाला विचारू नका, तिलाच विचारा. आणि ती नुसती हसली, तर लगेच निघू नका.