माझ्या नावाची वाडी

तेहेतीस वर्षं मी यार्निसचा नवरा आहे आणि तेहेतीस वर्षं तिच्या घरात पाहुणा आहे. यात दोष तिचा नाही, तिच्या आईचाही नाही. आमच्या किनाऱ्यावर रीतच तशी. घर बायकांचं, जमीन बायकांची, नारळीची झाडं बायकांची. पुरुषाला काय, तर बापाकडून आलेला एक किताब. माझा किताब बागिंदो. बागिंदो शाफ्रिल! ऐकायला कसं भारदस्त वाटतं, जणू दारात चार गलबतं उभी आहेत. दारात माझ्या मालकीच्या फक्त चपला असतात, आणि त्या वाटेत आल्या की सासूबाई काठीने बाजूला सारतात.

एकतीस वर्षं जाकार्तात कापडाचा गाळा चालवला, तोवर सगळं झकास होतं. ईदला यायचं, लुगडी वाटायची, लोकांना कंटाळा यायच्या आत परत जायचं. मग गुडघे गेले, गाळा विकला आणि कायमचा आलो. सासूबाई पहिले पंधरा दिवस रोज विचारायच्या, "जावईबापू, परतीचं तिकीट कधीचं?" सोळाव्या दिवशी त्यांनी विचारणं सोडलं आणि नुसतं बघायला सुरुवात केली.

एकदा मला बैठकीत घड्याळ लावायचं होतं. एक खिळा हो! यार्निस म्हणाली, "थांबा, भावांना विचारते." तिचे दोघे भाऊ म्हणजे त्या घराचे मामा. घरातल्या पोरांवर आणि भिंतींवर शब्द चालायचा तो मामांचा, बापाचा नव्हे. दोघं आले, भिंतीकडे अर्धा तास बघत बसले, दोन-दोन कप कॉफी प्याले आणि म्हणाले, "नको." का नको, ते विचारायचा मला अधिकार नाही. मी घड्याळ परत पेटीत ठेवलं आणि ठरवलं, बस्स झालं. आता आपलं स्वतःचं घर घ्यायचं.

"तुमचं घर?" यार्निसला हसू आवरेना. "तुमच्या आईचं घर आहे की, रोस्मानीकडे."

"तिथे मी तिचा भाऊ. मला माझं घर हवंय. कागदावर शाफ्रिल."

"आणि स्वयंपाक कोण करणार तिथे?"

"तू येशीलच ना?"

"मी कशाला येऊ? मला घर आहे," असं म्हणून ती पुन्हा मासे साफ करायला लागली.

एकंदरीत प्रोत्साहन भरपूर मिळालं. मी जुन्या बिलाच्या पाठीवर घराचा नकाशा काढला. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत एक आरामखुर्ची, समोर समुद्र. खुर्ची एकच काढली. मग वाईट वाटून दुसरी काढली.

आमच्या पासिर नीबुंग गावात जागेचा दलाल म्हणजे ज्याला मासेमारी, दुकानदारी आणि सरकारी नोकरी यातलं काहीच जमलं नाही असा माणूस. आमच्याकडचा जुफ्री. त्याने मला तीन जागा दाखवल्या. पहिली सुकी मासळी वाळवायच्या आवाराला लागून. "हवा बघा कशी खेळती आहे," नाकाला रुमाल लावून तो म्हणाला. दुसरी जागा अर्धी पाण्यात होती. गेल्या वर्षी पूर्ण कोरडी होती म्हणे. तिसरी झैनीरची वाडी. अठ्ठावीस नारळ, सपाट जमीन, पलीकडे वाळू.

"समुद्र इथनं शंभर पावलं," जुफ्री म्हणाला. "दर पावसाळ्यात दोन पावलं तो स्वतःच पुढे येतो. म्हातारपणी तुम्हाला चालायचे कष्ट नाहीत."

मेल्याच्या जिभेला हाड नाही, पण वाडी मनात भरली.

आता, आमच्याकडे जमिनीचा विषय निघाला की शेंबडं पोरसुद्धा पहिला प्रश्न विचारतं, ही कुठल्या बायकांची? मग त्या बायकांच्या घरी जायचं, पायरीवर बसायचं, कॉफी प्यायची, तीन खेपा नुसतं हवापाणी बोलायचं. चौथ्या खेपेला घरातली सगळ्यात म्हातारी तोंड उघडते आणि तेव्हा कळतं की जमीन विकायची आहे की नाही. मी हा प्रश्न विचारला नाही. विसरलो म्हणून नव्हे, मुद्दाम विचारला नाही. आयुष्यभर बायकांना विचारून विचारून जीव मेटाकुटीला आला होता. या एका व्यवहारात एकाही बाईला तोंड घालू द्यायचं नाही, अशी मी मनोमन शपथ घेतली होती. यार्निसला सांगितलं नाही, रोस्मानीला तर नाहीच नाही. जुफ्रीला ऐटीत म्हणालो, "ते बायकांबियकांचं सोड. मला कागद दाखव." शहाणाच की नाही मी!

कागद होता. ठसठशीत शिक्का होता. वाडी नव्वद वर्षं झैनीरच्या घराच्या ताब्यात आहे असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. झैनीर मवाळ माणूस. मी घासाघीस करायला बसलो तर त्याने एक अडनिडा आकडा सांगितला आणि त्यावर अडूनच बसला. एक रुपिया कमी नाही, एक जास्त नाही. मी खूश होऊन वर थोडे देऊ केले, तर दोन्ही हात मागे घेऊन म्हणाला, "नको, नको, पाप लागेल." मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे! गाळ्याचे सगळे पैसे मी त्याला दिले. त्या दिवशी पासिर नीबुंगभर छाती काढून फिरलो आणि तळलेल्या माशांचे वडे दुकानातल्या ओळखी-अनोळखी सगळ्यांना चारले.

गवंड्याला घेऊन खुंट्या ठोकायला गेलो, आणि चौथी खुंटी ठोकतोय तोच छत्री घेतलेली रोस्मानी समोरून येताना दिसली. ही माझी धाकटी बहीण. धाकटी म्हणजे फक्त वयाने.

"आजो," ती म्हणाली. आमच्याकडे थोरल्या भावाला आजो म्हणतात, आणि ती मला आजो म्हणाली की मला घाम फुटतो. "आपल्या वाडीत तुम्ही काय करताय?"

"आपल्या नव्हे. माझ्या. विकत घेतली मी."

तिने छत्री मिटली. "कोणाकडनं?"

"झैनीरकडनं. कागद आहे."

"अहो आजो, ही आपल्या पणजीची वाडी! झैनीरच्या आजोबाकडे गहाण आहे. चाळीस सोन्याच्या नाण्यांवर!"

गवंड्याने हातोडा खाली ठेवला आणि तो झाडाच्या सावलीत जाऊन बसला. शहाणा होता.

गहाण कशासाठी पडली, तेही ऐका. आमच्या किनाऱ्यावर नवरा मुलगा फुकट मिळत नाही, तो पैसे मोजून आणावा लागतो. माझ्या आजीसाठी पणजीने एक किताबवाला नवरा पसंत केला, तो म्हणजे माझा आजा. त्याच्या घरच्यांनी चाळीस नाणी मागितली आणि वाडी गेली. आजा, मला आठवतो तसा, दिवसभर पारव्यांशी बोलायचा. चाळीस नाणी!

आणि पिढीजात जमीन आमच्यात विकली जात नाही, फक्त गहाण पडते. शंभर वर्षांनी का होईना, ठरलं तेवढं सोनं परत केलं की ती परत येते. चाळीस नाण्यांचा आजचा भाव रोस्मानीने तिथल्या तिथे बोटांवर काढला. झैनीरचा तो अडनिडा आकडा, तंतोतंत. म्हणजे तो गहाणाचेच पैसे मोजून घेत होता.

"मला कोणी सांगितलं का नाही कधी?" मी ओरडलो.

"तुम्ही कधी विचारलंत?" तीही ओरडली. मग तिचा आवाज एकदम उतरला. "आई इथनं नारळ विकत घ्यायची, आजो. आठवतं? आपल्याच झाडांचे. पैसे देऊन."

आठवत होतं. पिशवी मीच उचलायचो. आई झैनीरच्या बापाला पैसे द्यायची आणि निघताना एका झाडाच्या बुंध्यावर तळहात ठेवायची. मला वाटायचं, दमली असेल. मी खुंटी हातात घेऊन तिथेच वाळूत बसलो.

शुक्रवारी कुळाची बैठक भरली, रोस्मानीच्या घरात. म्हणजे आईच्या. मधोमध कुळाचे प्रमुख दातुक, भोवती आम्ही सगळे मामा, आणि पडद्याआड बायका, ज्यांचं ऐकूनच दातुक बोलतात. कोपऱ्यात झैनीर पैशांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. सगळे आणले होते, बिचाऱ्याने एकही खर्चला नव्हता.

"बागिंदो," दातुक म्हणाले, "दोनच वाटा आहेत. तू जमीन स्वतःसाठी घेतली असशील तर हा व्यवहारच झाला नाही. गहाणाची जमीन विकता येत नाही. झैनीर तुझे पैसे देईल, वाडी त्याच्याकडे राहील. आणि तू या घराचा मामा म्हणून गहाण सोडवलं असशील, तर पैसे त्याचे आणि वाडी घरी आली. तर सांग, कशासाठी दिलेस पैसे?"

त्या पैशात दुसरीकडे कुठेतरी दोन खोल्या नक्की झाल्या असत्या. अर्धी पाण्यातली जागा तर अजून रिकामीच होती. नकाशा माझ्या खिशात होता. आणि रोस्मानीला सगळं ठाऊक होतं, खुंट्या तिने स्वतः बघितल्या होत्या. ती पडद्याआडून एका शब्दाने माझं पितळ उघडं पाडू शकली असती. पण पडद्याआड चिडीचूप. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातल्या सगळ्या बायका मी काय बोलतो याची वाट बघत होत्या.

मला आईचा तळहात दिसत होता. दुसरं काही दिसेचना.

"गहाण सोडवायला," मी म्हणालो.

पडद्याआड कोणीतरी रडायला लागलं. मग काय विचारता! दातुकांनी मला मिठी मारली. झैनीर माझे हात धरून म्हणाला, "नव्वद वर्षांचं ओझं उतरवलंत," आणि गाठोडं घेऊन हलका होऊन घरी गेला. यार्निसला आणि माझ्या दोघा मेहुण्यांना खास बोलावणं धाडलं गेलं. ते खिळ्यावर अर्धा तास विचार करणारे महापुरुष चक्क उठून उभे राहिले आणि त्यांनी मला जागा दिली. माशाच्या डोक्याची आमटी झाली, मसाल्यात आटवलेल्या मांसाचं रेंदांग झालं. असा मामा होणे नाही, असं तिघांनी भाषणात सांगितलं, त्यातल्या एकाने दोनदा.

मग नवा कागद आला. त्यावर नावं लिहिली गेली. रोस्मानी. तिच्या मुली देस्नीता आणि एल्मी. आणि देस्नीताची मुलगी, आठ महिन्यांची, जिचा अंगठा शाईत बुडवताना तिने सगळं घर डोक्यावर घेतलं. चार पिढ्यांनंतर वाडीला मालकिणी मिळाल्या. माझंही नाव होतं म्हणा. सगळ्यात खाली. साक्षीदार, बागिंदो शाफ्रिल.

मी सही केली. 

"वाडीत घर बांधायचं म्हणतेय," देस्नीता मला वाढता वाढता म्हणाली. "दोन खोल्या आणि पुढे पडवी. कसं वाटतं, मामा?"

"छान," मी म्हणालो. "पडवी समुद्राकडे कर."

तिने पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं. शाईचा अंगठा तोंडात घालून ती नवी मालकीण माझ्याकडे बघत होती. मी तिला उचलून तोंडासमोर धरलं आणि विचारलं, "काय बाईसाहेब, तुमच्या घरात एक खोली भाड्याने मिळेल का म्हाताऱ्याला?"

सगळी बैठक खदखदून हसली. दातुकांना ठसका लागला. थोरल्या मेहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली, "काय विनोदी माणूस आहे!" यार्निससुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती.

मी खरंच विचारत होतो.