दुसरा कंट्रोलर

ऑफिसात मी नावांसाठी बदनाम आहे. प्रोग्राममध्ये कुणी कशालाही काहीही नाव दिलं की माझं डोकं फिरतं. 'बटण आत्ता दाबलं' वेगळं आणि 'दाबून धरलंय' वेगळं, हे मी नव्या लोकांना इतकं ऐकवतो की मला पाहून ते जेवायचं टेबल बदलतात. मी एकटाच जेवतो. घरी ताई असते, पण मेंदूला झटका आल्यापासून तिची वाचा गेलीय आणि उजवा हातही. घरातली शांतता मला खायला उठते.

लहानपणी आम्ही जुन्या गेमच्या मशीनवर खेळायचो. जिंकायची तीच, आणि वर मला 'ढ' म्हणायची. ते मशीन अजून चालतं. म्हणून त्याच्यासाठी मी दोघांचा नवा गेम लिहिला. ताईने पुन्हा माझ्यासोबत काहीतरी करावं, एवढीच आशा होती.

रविवारी दुसरा कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला. तिचा डावा अंगठा बटणाकडे निघाला. अर्ध्या वाटेत होता, तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली: "दुसरा खेळाडू गैरहजर." आणि गेममधला तिचा माणूस मशीनच चालवू लागलं. ताईने वाचलं. कंट्रोलर बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला माझीच लाज वाटली. जगाला अक्कल शिकवणाऱ्या मी, बटण न दाबणं आणि कंट्रोलरच नसणं, दोन्हींना एकच नाव दिलं होतं. मशीनला खरं तर फरक कळतो. एकेक बटण दाबलंय का हे विचारून झाल्यावर आणखी एकदा विचारलं, की कंट्रोलर जोडलाय की नाही ते समजतं. तेवढं विचारायचा मी कंटाळा केला होता.

आता दोन नावं केली: 'जोडलेला नाही' आणि 'अजून दाबलं नाही'. दुसरं असेल तेव्हा पडद्यावर यावं म्हणून लिहिलं, "ताई आहे. ढ थांबलाय."

संध्याकाळी कंट्रोलर परत तिच्या मांडीवर ठेवला.

"ताई, एकदा बघ की," मी म्हणालो.

ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. चहा गार झाला. मीही माझा माणूस हलवला नाही. मग तिचा अंगठा खाली गेला. तिचा माणूस एक पाऊल चालला आणि सरळ खड्ड्यात पडला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझा माणूस त्याच खड्ड्यात घातला. एकट्याने पुढे जाऊन मी करणार काय होतो?